जुनी दिल्ली पडली नाही, पाडली!

आमच्या नात्यातले एक गृहस्थ मध्यंतरी उत्तरेची सहल करून आले. निवृत्त शिक्षक, वाचनाची आवड, इतिहासाची तर जास्तच. आम्ही त्यांना मामा म्हणतो. घरी आले तेव्हा साहजिकच विचारले, "मामा, दिल्लीत काय काय पाहिलंत?"

"लाल किल्ला पाहिला रे. पण आत काही नाही. चार दिवाणखाने आणि नुसती हिरवळ. आणि त्या चांदणी चौकात तर माणसाने जाऊच नये. डोक्यावर वायरींची जाळी, खाली घाण, धक्काबुक्की. एवढी मोठी राजधानी, पण त्यांना राखता आली नाही."

चहा थंड होईपर्यंत मी त्या शेवटच्या वाक्यावर अडकून होतो. त्यांना राखता आली नाही. 'त्यांना' म्हणजे कुणाला, हे मामांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. आपल्याकडे अशी सर्वनामे न सांगता कळतात. मामांशी वाद घालणे मला त्या दिवशी जमले नाही. तो वाद आज इथे घालतो, कारण मामा एकटे नाहीत. जुन्या दिल्लीबद्दल दहापैकी नऊ सुशिक्षित मराठी माणसे हेच बोलतात. शहर म्हातारे झाले, वारसांनी दुर्लक्ष केले आणि ते आपोआप पडले, असा सगळ्यांचा समज. हा समज साफ चुकीचा आहे. शाहजहानाबाद पडले नाही. ते पाडले गेले. पाडणाऱ्यांची नावे, तारखा, मोजमापे सगळे उपलब्ध आहे. आणि त्या यादीत एक ओळ आपलीही आहे. ती आपण सोयीस्करपणे गाळतो.

आधी हे शहर काय होते ते पाहू. १६३८ च्या सुमारास शाहजहानने आग्र्याहून राजधानी हलवायचे ठरवले. १६३९ मध्ये यमुनेच्या काठी किल्ल्याचा पाया घातला गेला, १६४८ मध्ये बादशहा तिथे राहायला आला. उस्ताद अहमद आणि उस्ताद हमीद हे या कामाचे प्रमुख कारागीर. १६५० ते १६५६ या काळात जामा मशीद उभी राहिली. शहराभोवती आधी मातीचा तट घातला होता, तो पावसाळ्यांत टिकला नाही. मग दगडी तट बांधला, तो १६५७ च्या सुमारास पुरा झाला. घेर सुमारे सहा किलोमीटर. काश्मिरी, मोरी, काबुली, लाहोरी, अजमेरी, तुर्कमान, दिल्ली असे त्याचे दरवाजे. बादशहाची मुलगी जहानआरा हिने चांदणी चौक आखला, तिथे प्रवाशांसाठी मोठी सराई बांधली, बाग केली. अली मर्दान खानाच्या देखरेखीखाली जुना कालवा दुरुस्त होऊन त्याचे पाणी शहरात आले. ते चांदणी चौकाच्या मधून वाहत असे आणि किल्ल्यात महालांच्या खोल्याखोल्यांतून खेळवलेले होते. ज्या रस्त्यावर मामांना धक्के बसले, त्याच्या मधोमध झाडांच्या सावलीत पाणी वाहत होते!

आता कुणी म्हणेल, झाले, हे लागले मोगलांचे गोडवे गायला. थांबा. शाहजहानबद्दल मराठी माणसाने भाबडे होण्याचे काहीएक कारण नाही. त्याच्याच कारकिर्दीत १६३०-३२ चा भीषण दुष्काळ गुजरात आणि दख्खनवर कोसळला. त्याच्याच फौजांनी १६३६ मध्ये निजामशाही बुडवली. ती वाचवण्यासाठी शहाजीराजांनी जिवाचे रान केले होते. आणि त्याची ती नवी राजधानीही सर्वांसाठी स्वर्ग नव्हती. बर्निये हा फ्रेंच वैद्य १६६० च्या दशकात तिथे राहिला. अमीरांच्या हवेल्यांच्या शेजारी गवताने शाकारलेल्या मातीच्या असंख्य झोपड्या त्याने पाहिल्या. एका वर्षात तीन आगी लागून साठ हजारांहून अधिक छपरे जळाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. तेव्हा 'काय तो जमाना, काय ती तहजीब' असे उसासे टाकणाऱ्यांच्या पंगतीला मी बसलेलो नाही.

पण राजा वेगळा आणि शहर वेगळे. राजा मरतो, शहरात मात्र माणसे राहत असतात. शाहजहानाबादेत खत्री आणि जैन सावकार होते, कायस्थ कारकून होते, काश्मिरी पंडित होते, मुसलमान कारागीर होते, हलवाई, भिस्ती, पुस्तके नकलणारे लेखक, सगळे होते. किल्ल्यासमोरच, चांदणी चौकाच्या तोंडाशी जैनांचे लाल मंदिर आहे. त्याच रस्त्यावरचे गौरीशंकराचे मंदिर अप्पा गंगाधर नावाच्या मराठी सरदाराने बांधले असे सांगतात. हे शहर 'त्यांचे' असेल, तर मग हे कुणाचे?

आता पाडापाडीचा हिशेब.

पहिले नाव सर्वांना ठाऊक आहे. १७३९ च्या मार्चमध्ये इराणचा नादिरशहा दिल्लीत आला. चांदणी चौकातल्या सोनेरी मशिदीत बसून त्याने कत्तलीचा हुकूम दिला. एका दिवसात हजारो माणसे कापली गेली. मयूरासन गेले, कोहिनूर गेला, खजिना गेला. पण एक गोष्ट लक्षात घ्या. नादिरशहाने माणसे मारली आणि संपत्ती नेली. शहर मात्र त्याने जागेवर ठेवले. तट उभा होता, कालवा वाहत होता, महाल शाबूत होते. शहर पुन्हा उठले.

दुसरे नाव घेताना आपली जीभ अडखळते. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली. पानिपतला अजून साडेपाच महिने होते. फौजेला पगार नव्हता, उत्तरेतून खंडणी येत नव्हती, पुण्याहून पैसा पोहोचत नव्हता. अशा वेळी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून वितळवले गेले आणि त्याचे नऊ लाखांच्या आसपास रुपये पाडले गेले. आपल्याकडे हा प्रसंग दोन प्रकारे सांगितला जातो. एक तर सांगितलाच जात नाही. नाहीतर लगेच पुढे जोडले जाते, 'करणार काय, नाइलाज होता!' नाइलाज होता हे मलाही मान्य आहे. उपाशी फौजेचा सेनापती छताच्या नक्षीकडे पाहत बसू शकत नाही. पण नाइलाजाने केलेली मोडतोडही मोडतोडच असते. शिवाय हाच नाइलाज दुसऱ्या कुणाचा असता तर आपण त्याला लूट म्हटले असते की नाही, हे प्रत्येकाने आरशासमोर उभे राहून स्वतःला विचारावे.

आणि गंमत अशी की, ज्याचा अभिमान बाळगावा ते आपण धड सांगतही नाही. १७३७ मध्ये थोरला बाजीराव दिल्लीच्या वेशीवर पोहोचला होता. शहराच्या आजूबाजूचा मुलूख जाळण्याचा विचार त्याच्या मनात आला होता. पण दिल्ली हे महास्थळ आहे, ते बरबाद करण्यात फायदा नाही, अशा आशयाचे त्याने चिमाजीअप्पाला कळवले आणि तो मागे फिरला. यात राजकारणाचा हिशेब होता हे उघडच आहे. तरीही ज्याच्या हाती जाळायची ताकद होती त्याने हात आवरला, हे काय कमी आहे?

पुढे १७७१ मध्ये महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि जानेवारी १७७२ मध्ये परागंदा शाहआलम बादशहाला त्याच्या शहरात परत आणून बसवले. १७८८ मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने किल्ल्यात शिरून म्हाताऱ्या शाहआलमचे डोळे काढले, बेगमा आणि शहजाद्यांचे हाल हाल केले. त्याला हुसकावून किल्ला सोडवला तो महादजींच्या फौजेने, आणि त्या फौजेच्या आघाडीवर होता राणेखान. पानिपतावर जखमी महादजींना बैलावर घालून वाचवणारा भिस्ती तो हाच, असे सांगतात. महादजी त्याला भाऊ मानत. एका मराठी पाटलाने भाऊ मानलेला मुसलमान भिस्ती दिल्लीच्या आंधळ्या बादशहाची सुटका करतो, ही गोष्ट आपल्या किती मुलांना माहीत आहे? दिल्लीच्या तख्ताची घोषणा मात्र आपल्याला चांगली पाठ आहे. तख्त लक्षात राहिले, शहर विसरले गेले. सप्टेंबर १८०३ मध्ये पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली कंपनीच्या ताब्यात गेली. दुसऱ्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी शहराला वेढा घातला, तटाला भगदाडही पडले, पण शहर हाती आले नाही. पुढे कंपनीच्या इंजिनिअरांनी तट डागडुजी करून भक्कम केला, बुरूज नव्या पद्धतीने बांधले. हाच तट १८५७ मध्ये त्यांच्याच आड येणार होता.

आता खरे पाडणारे आले. आणि नेमका इथेच आपला इतिहास मुका होतो.

११ मे १८५७ रोजी मीरतेचे शिपाई दिल्लीत आले. शहरात इंग्रज आणि ख्रिस्ती माणसे, बायका-मुले मारली गेली, हेही लपवायचे कारण नाही. जूनपासून इंग्रजी फौज उत्तरेच्या टेकडीवर तळ देऊन होती. १४ सप्टेंबरला काश्मिरी दरवाजा सुरुंगाने उडवून ती आत घुसली, आणि आठवडाभराच्या रस्तोरस्तीच्या लढाईनंतर शहर पडले. यानंतर जे झाले ते युद्ध नव्हते. युद्ध संपले होते. तटाच्या आत दीड लाखाच्या घरात वस्ती होती, ती जवळजवळ सगळी बाहेर हाकलली गेली. ऐन थंडीत माणसे उघड्या माळावर, मशिदी-मकबऱ्यांच्या ओवऱ्यांत राहिली. रिकाम्या घरांच्या जमिनी खणून पुरलेले धन काढायला 'प्राइझ एजंट' नावाचे अधिकृत कामगार नेमले होते. लुटीचे खातेच उघडले म्हणा ना! हिंदूंना १८५८ च्या सुरुवातीपासून हळूहळू परतू दिले. मुसलमानांना त्याहून कितीतरी उशिरा.

इंग्रजांनी लुटलेले शहर कसे असते हे मराठी वाचकाला नवे नाही. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी झाशीत ते डोळ्यांनी पाहिले आणि 'माझा प्रवास' मध्ये लिहून ठेवले. झाशीचे वाचताना आपले रक्त उसळते. दिल्लीत हात तेच होते. मग दिल्लीचे ऐकताना आपण जांभई का देतो?

पण लुटीवर थांबते तर शहर पुन्हा उठले असते, नादिरशहानंतर उठले तसे. इंग्रजांनी ते उठूच नये याची तजवीज केली. किल्ल्याभोवती ४४८ यार्डांपर्यंतचे सगळे जमीनदोस्त करण्याचे ठरले. तोफांना मारा करायला मोकळे मैदान हवे होते! हवेल्या गेल्या, अकबराबादी मशीद गेली, खास बाजार, उर्दू बाजार, खानम का बाजार असे नांदते बाजार नकाशावरून पुसले गेले. गालिब तेव्हा शहरातच होता. जामा मशिदीपासून राजघाटाच्या दरवाजापर्यंत सगळे ओसाड रान झाल्याचे त्याने पत्रांतून कळवले आहे. जामा मशीद जप्त झाली, ती १८६२ मध्ये परत मिळाली. फत्तेपुरी मशीद लिलावात विकली गेली, तिच्यासाठी १८७७ ची वाट पाहावी लागली.

आणि किल्ला? मामांनी पाहिलेली ती हिरवळ? तिथे जनानखान्याचे महाल होते, बागा होत्या, चौकामागून चौक होते. किल्ल्याच्या आतल्या बहुतेक इमारती इंग्रजी लष्कराने पाडल्या आणि त्या जागी गोऱ्या शिपायांच्या बराकी बांधल्या. ज्या मोजक्या ठेवल्या त्यांचे काय केले पाहा. दिवाण-ए-आमचा दवाखाना, रंगमहालाची मेस, मुमताज महालाचा लष्करी तुरुंग! बादशहाच्या सिंहासनामागच्या भिंतीतली रंगीत दगडांची चित्रे एका कॅप्टनने उचकटून नेली आणि ती लंडनच्या संग्रहालयाला विकली गेली. कर्झनच्या काळात ती परत आली. हे कुणा चिडलेल्या हिंदी माणसाचे रडगाणे समजू नका. जेम्स फर्ग्युसन हा हिंदुस्थानी वास्तुकलेचा इतिहास लिहिणारा इंग्रजांचाच अभ्यासक. त्याने १८७६ च्या आपल्या ग्रंथात याला सरळ रानटीपणा म्हटले आहे. पाडण्याआधी या राजवाड्याचा साधा नकाशाही काढून ठेवावा असे कुणाला वाटले नाही, हा त्याचा संताप आहे.

ही शिक्षा होती. शहराला दिलेली शिक्षा! बंड शिपायांनी केले, झेंडा बादशहाच्या हाती दिला, आणि फाशी गेले शहर. बादशहाला रंगूनला पाठवले, तो ७ नोव्हेंबर १८६२ ला तिथे वारला. शहराला मात्र मरणही मिळाले नाही. त्याचे तुकडे करून वर नवे ठिगळ जोडत राहिले. १८६७ मध्ये आगगाडी आली ती सलीमगडातून, किल्ल्याचा उत्तरेचा भाग कापत, शहराच्या पोटातून. तटाच्या बाहेरून न्यायला जागा नव्हती थोडीच! जहानआराची सराई पाडून तिथे टाऊन हॉल उभारला. चांदणी चौकातला कालवा बुजवला गेला, पुढे त्या रस्त्यावर ट्रामचे रूळ आले. मग १९११ च्या दरबारात राजधानी दिल्लीला आणल्याची घोषणा झाली, पण ती 'या' दिल्लीला नव्हे. तटाबाहेर दक्षिणेला नवी दिल्ली बांधली, १९३१ मध्ये तिचे उद्घाटन झाले. तोवर शाहजहानाबाद म्हणजेच दिल्ली होती. आता तिला 'जुनी' हे विशेषण चिकटले. पैसा, नळ, झाडे, रुंद रस्ते तिकडे, आणि गोदामे, घाऊक बाजार, गर्दी इकडे. एका घरातल्या दोन बहिणींपैकी एकीला सगळे द्यायचे आणि दुसरीला नावे ठेवायची, 'ही किती गबाळी!'

आणि स्वराज्य आल्यावर? १९४७ मध्ये दंगलींनी लाखो मुसलमानांना दिल्ली सोडायला लावली. पंजाब-सिंधहून सर्वस्व गमावलेली लाखो माणसे आली. एका हवेलीत जिथे एक कुटुंब होते तिथे वीस राहू लागली. यात दोष कुणाला द्यावा? पण १९७६ च्या एप्रिलमध्ये तुर्कमान दरवाजाजवळ बुलडोझर चालले, विरोध करणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याला काय म्हणाल? तेव्हाही 'सुशोभीकरण' हाच शब्द होता. किल्ल्यातून लष्कर हलले २००३ मध्ये. म्हणजे इंग्रज गेल्यावरही छप्पन्न वर्षे आपण त्यांच्या बराकींत सुखाने नांदलो. २००७ मध्ये युनेस्कोने किल्ल्याला जागतिक वारसा म्हटले, तेव्हा आपल्याला त्याची किंमत कळल्यासारखे झाले. २०२१ मध्ये चांदणी चौकाचा मुख्य रस्ता दुरुस्त करून दिवसा मोटारींना बंद केला, हे चांगलेच झाले. पण गल्ल्यांतल्या हवेल्या आतून गोदामे होत चालल्या आहेत आणि तटाचे उरलेसुरले तुकडे कोपऱ्यांत उभे आहेत. त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

एवढा जुना हिशेब आज का उगाळायचा, असे कुणी विचारेल. कारण साधे आहे. 'आपोआप पडले' हे वाक्य निरुपद्रवी नाही. जे म्हातारपणाने मरते त्याचा कुणाला जाब विचारता येत नाही आणि त्याला वाचवायची गरजही उरत नाही. 'त्यांना राखता आले नाही' म्हटले की पाडणारा सुटतो, ज्यांचे पाडले तेच गुन्हेगार ठरतात, आणि उरलेले पाडायला आपले हात मोकळे होतात. आज देशात कुठलीही जुनी पेठ रुंदीकरणासाठी निवडली जाते तेव्हा हेच ऐकू येते, 'नाहीतरी पडायलाच आले होते.' आम्ही गोवेकर हे चांगले जाणतो. जुन्या गोव्याची मोडकी कमान पाहून पर्यटक 'काळाने गिळले' म्हणतात, तेव्हा १८३५ मध्ये मठ सरकारी हुकमाने रिकामे झाले होते हे कोण सांगतो?

म्हणून माझे म्हणणे एवढेच. हिशेब करायचाच तर पूर्ण करा. नादिरशहाची कत्तल लिहा, भाऊसाहेबांचे नऊ लाख लिहा, राणेखानाचे नाव लिहा आणि इंग्रजांचे ४४८ यार्डही लिहा. आपले नऊ लाख न लिहिता दुसऱ्यांचे पाप मोजणाऱ्याला हिशेबनीस म्हणत नाहीत. आणि आपल्या नऊ लाखांखाली इंग्रजांचे सगळे शहर झाकणाऱ्यालाही नाही.

मामा पुन्हा येतील तेव्हा मी त्यांना एवढेच विचारणार आहे. मामा, किल्ल्यात तुम्ही ती हिरवळ पाहिलीत ना? राजवाड्याच्या मधोमध एवढी मोठी हिरवळ कुठला बादशहा ठेवतो? तिथे काय होते, असे गाइडला एकदा तरी विचारायचे होते.